लोंब्याचं तात्पुरतं घर

३ नोव्हेंबर

प्रिय दादा,

लोंब्या सुखरूप आहे. संस्थेच्या बाईंनी आज दुपारी फोनवर सांगितलं. वजन थोडं उतरलंय, डाव्या कानात औषध घालणं चालू आहे, भूक चांगली आहे. हे मुद्दाम आधी लिहिलं, म्हणजे बाकीचं पत्र तू सावकाश वाचशील.

मी बरी आहे. तू कसा आहेस ते नर्सकडून मला तुझ्याआधी कळतं, म्हणून विचारत नाही. पत्र अशासाठी की रविवारी समोर बसून काही सांगायला लागले की तू खिडकीकडे मान फिरवतोस. कागदाकडे पाठ फिरवलीस तरी तो टेबलावर पडून राहतो. आणि वाचायला तुला काही अडचण नाही, असं तुला बोलण्याचे धडे देणाऱ्या मुलीने मला सांगितलंय. अर्धांगवायूच्या झटक्याने तुझं बोलणं नेलं आणि एक शब्द ठेवला, ‘बघू’. तोही असा की झटक्याआधीही तू बहुतेक ठिकाणी तोच वापरायचास. त्यामुळे निम्म्या वेळा मला फरक कळत नाही.

तर लोंब्याचं. गेल्या आठवड्यात तुझे गरम कपडे आणायला घरी गेले. दारामागच्या खिळ्याला त्याचा पट्टा नव्हता. वाडगा नव्हता. मी इतके दिवस धरून चालले होते की तो खाली सलूनवाल्याकडे आहे. दर रविवारी मी तुला म्हणत होते, ‘लोंब्या मजेत असेल खाली, गिऱ्हाइकांच्या पायांत लोळत,’ आणि तू म्हणत होतास, ‘बघू.’

खाली गेले. सलूनवाला एकाच्या मानेवर वस्तरा धरून होता.

‘लोंब्याला बघायला आले,’ मी म्हटलं.

‘तो तर गेला ताई. संस्थेत. तुम्हाला नाही माहीत?’

‘नाही.’

‘दादांनी हॉस्पिटलात मला संस्थेचं कार्ड दाखवलं, बोटाने. मी फोन लावला. बाई येऊन दादांना भेटल्या, मग इथे येऊन त्याला घेऊन गेल्या. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं असेल.’

‘झालं नाही.’

‘मग मी आता सांगितलं ते चुकलं का?’

‘तुम्ही त्यांची मान सांभाळा,’ मी म्हटलं, आणि वर येऊन तुझे स्वेटर पिशवीत भरले.

संस्था तीच, जिथून तू त्याला आणलंस. फक्त बॅसेट जातीचे कुत्रे घेतात. त्यांची इमारत नाही, पिंजरे नाहीत. कायमचं घर मिळेपर्यंत प्रत्येक कुत्रा कुणाच्या तरी घरी राहतो, त्या घराला ते तात्पुरतं घर म्हणतात. आणि अट अशी की आपल्याला सांभाळणं जमेनासं झालं तर कुत्रा संस्थेकडेच परत करायचा, परस्पर कुणाला द्यायचा नाही. बॉयलर सांभाळण्यात आयुष्य गेलेला माणूस अट मोडणार नाही, हे मला पटतं. सांगितलं का नाहीस, ते त्या अटीत बसत नाही. पण ते राहू दे.

मी संस्थेला फोन केला आणि कुत्रा मागितला. परक्या बाईने मागावा तसा. ‘बॅसेट हवाय, वयस्कर असला तरी चालेल.’ माझं आडनाव यांचं, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. आधीच्या मालकाच्या नातेवाइकांना कुत्रा देत नाहीत, हा त्यांचा नियम आहे. तो मी वाचला आणि गप्प बसले.

बाई घर बघायला येऊन गेल्या. एरवी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत असतात, आणि बोलणंही तसंच, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारं. आल्या आल्या गुडघ्यांवर बसल्या आणि कुत्र्याच्या उंचीवरून माझी बैठकीची खोली पाहिली. सोफ्याखालून यांचा, ते असतानाच हरवलेला चष्मा काढून हातात दिला.

‘घरी किती वेळ असता?’

‘निवृत्त आहे. असतेच.’

‘दारात पायऱ्या?’

‘दोन.’

‘त्यांच्यावर फळी टाका. पाठ लांब, पाय आखूड. चढउतार यांना झेपत नाही. आवाज चालतो?’

‘वृत्तसंस्थेच्या डेस्कवर होते मी.’

‘तुम्हाला नाही विचारत, शेजाऱ्यांना.’

‘त्यांना कमी ऐकू येतं.’

‘छान. लाळ?’

‘त्यांची का?’

तेव्हा पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, ‘सध्या एकच आहे, मोठ्या वयाचा. मेजर. येत्या रविवारी भेटायला जा.’ मेजर हे लोंब्याचं तिथलं नाव. डाव्या कानावरचा डाग त्यांनी सांगितला, पुढच्या पायाच्या गाठीबद्दलही सांगितलं, आणि मी प्रत्येक वेळी नवं ऐकल्यासारखी मान हलवली.

तुझ्या घराचं म्हणशील तर कुंड्यांना पाणी घातलं, दूध बंद केलं. बाकी भेटल्यावर.

तुझी,
ठमी


११ नोव्हेंबर

प्रिय दादा,

अर्ज थांबवला आहे. काल संध्याकाळी संस्थेच्या बाईंनी कळवलं. कारण मी आहे. थोडा तुझा पायजमाही आहे, पण त्याच्यावर ढकलणं बरं दिसणार नाही.

नमस्कार वगैरे. माझा खोकला गेला. तुझं मागचं पत्र रविवारी उशीखाली दिसलं. तू त्याबद्दल काही दाखवलं नाहीस, मी विचारलं नाही. आपल्या घरात याला संभाषण म्हणायचे.

तुझ्याकडून निघाले ती थेट लोंब्याकडे गेले. तो राहतो त्या घरचे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवतात. घराच्या पुढच्या खोलीतच काम. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव, सगळे एकाच वेळी हसताहेत. बायको शाळेची बस चालवते. दोघंही माणसं चांगली. मला खुर्ची देताना कवळीवाले म्हणाले, ‘जरा बघून बसा. मागच्या महिन्यात मेजरने एका वकिलाचे खालचे दात पळवले. वकील अजून सूप पितायत.’

मी तयारी करून गेले होते. तुझ्याकडे येताना घालते तो कोट घातला नव्हता. ‘मेजर’ म्हणायचा सराव केला होता. लोंब्या मला वर्षातून एकदोनदा पाहायचा, आणि तेही तुझ्या पायाशी झोपून, एक डोळा उघडून. तो मला ओळखेल असं वाटत नव्हतं, आणि त्याने ओळखलंही नाही. आतल्या खोलीत दाराकडे तोंड करून पडला होता. मी आले, त्याने कपाळाच्या सुरकुत्या वर केल्या, परत खाली सोडल्या.

कवळीवाले म्हणाले, ‘असाच असतो. खातो, फिरतो, त्रास काही नाही. पण आल्यापासून एकदाही ओरडलेला नाही. बॅसेट आणि गप्प! डॉक्टरांना दाखवलं. घसा ठीक आहे म्हणाले.’

माझ्या हातात पिशवी होती. तुझे आठवड्याचे धुवायचे कपडे. बसने गेले होते, ती ठेवणार कुठे? मी ती खुर्चीच्या पायाशी ठेवली. नाकासाठीच पाळल्या गेलेल्या जातीच्या कुत्र्याकडे मी तुझे न धुतलेले कपडे घेऊन गेले, आणि कोट मात्र बदलला. डेस्कवर कुणी अशी बातमी दिली असती तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

तो उठला. घाई नव्हती. नाक जमिनीला लावून आला, माझ्या बुटांवरून गेला, आणि डोकं पिशवीत घातलं. खांद्यांपर्यंत. मग थांबला. शेपटीसुद्धा हलत नव्हती. मला वाटलं बिस्किटाचा वास लागला असेल. मग आतून आवाज आला. तू ऐकला असशील, मी नव्हता ऐकला. भोंगा लांबून सुरू होतो आणि जवळ येत जातो, तसा. फळीवरचे जबडे वाजायला लागले. कवळीवाल्यांची बायको स्वयंपाकघरातून धावत आली. त्याने पायजमा ओढून काढला, खोलीच्या मधोमध नेला, त्याच्यावर पोट टेकून बसला आणि मान वर करून ओरडत राहिला. मी पायजमा ओढायला गेले तर त्याने तो दातांत धरला. तो फाटेल या भीतीने मी ओरडले:

‘लोंब्या, सोड!’

त्याने लगेच सोडला. माझ्याकडे पाहिलं. गप्प झाला.

कवळीवाल्यांनी हातातला जबडा खाली ठेवला. ‘लोंब्या कोण?’

दादा, मला खोटं सुचलं नाही असं नाही. दोन सुचली. पण कुत्रा माझ्याकडे बघत होता, आणि ते दोघंही.

‘हा,’ मी म्हटलं. ‘माझ्या भावाचा आहे. कपडेही त्याचेच.’

‘हे बाईंना मला सांगावं लागेल ताई.’

‘सांगा.’

‘तुम्हीच सांगितलंत तर बरं होईल.’

‘तुम्ही आधी सांगा, मी मागून सांगते. दोन ठिकाणांहून आलं की विश्वास बसतो.’

त्यांची बायको म्हणाली, ‘आधी चहा तरी घ्या. गुन्हा काय, नंतरही कबूल करता येतो.’

चहा घेतला. पायजमा परत मागितला नाही, त्यांनी दिलाही नाही. तेव्हा तुझ्या कपड्यांत एक कमी येईल. तो तिकडे आहे. धुतलेला नाही, आणि धुवायचा नाही असं कवळीवाल्यांनी बजावलंय.

काल बाईंचा फोन आला. चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. चढ्या आवाजात बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

‘तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून मी सांगितलं नाही,’ मी म्हटलं.

‘हे मला माझी मुलगी रोज ऐकवते. ती पंधरा वर्षांची आहे.’

मग नियम कशासाठी केला ते सांगितलं. एका आजोबांनी कुत्री परत केली होती. पुतणीने ती घेतली, आजोबांना खूश करायला. आठवड्याभरात कुत्री पुन्हा आजोबांच्या घरी. त्यांना फिरवता येईना, ती गॅलरीत बांधलेली. संस्थेला कळलं तेव्हा तिचं मागचं शरीर लुळं पडलं होतं. ‘तुम्ही तसं कराल असं मी म्हणत नाही. पुतणीही तसं करणार नव्हतीच.’

दादा, नियमात चूक नाही, हे अडचणीचं आहे.

शुक्रवारी त्या कवळीवाल्यांना घेऊन माझ्याकडे येणार आहेत, समोरासमोर बोलायला. रांगेत एक जोडपं आहे, मोठं अंगण असलेलं, नियमात बसणारं. माझं नाही ठरलं तर लोंब्या त्यांच्याकडे जाईल. कुठे ते आपल्याला कळवणार नाहीत. तेही नियमातच आहे.

तुझ्या घराचं या पत्रातही राहिलं. कागद संपत आला.

तुझी,
ठमी


१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

लोंब्या शनिवारी माझ्याकडे येतोय. आज सकाळी बाईंनी नक्की केलं, आणि मागोमाग कवळीवाल्यांनीही फोन करून तेच सांगितलं. म्हणजे दोन ठिकाणांहून आलं.

बरी आहे. रविवारी तू पिशवीतले पायजमे डाव्या हाताने मोजलेस आणि एक कमी निघाल्यावर तोंडाची डावी बाजू हलली. मी निघताना नर्स म्हणाली, ‘आज हसले.’ मी तिला म्हटलं, अर्धेच.

आता शुक्रवारचं. ते दोघं आले. बाई या वेळी गुडघ्यांवर बसल्या नाहीत. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘एकच प्रश्न आहे. तुमचे भाऊ बरे होऊन घरी गेले आणि त्यांनी कुत्रा मागितला, तर तुम्ही काय करणार?’

मी म्हटलं, ‘तो मागणार नाही.’

‘माणसं मागतात.’

‘तो घरी जाणार नाही.’

हे मी त्यांना सांगितलं, दादा, तुझ्याआधी. डॉक्टर माझ्याशी गेल्या महिन्याच्या शेवटी बोलले. उजवा पाय आहे याच्यापेक्षा फारसा सुधारणार नाही. काठीने खोलीतल्या खोलीत चालशील. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या, जिथे लोंब्यालाही तू उचलून चढवायचास त्या घरात, एकट्याने राहणं आता होणार नाही. ते स्वतः तुला सांगणार होते. मी म्हटलं, मला सांगू द्या. आणि मग तुला दोन पत्रं लिहिली, कुंड्यांची आणि पायजम्याची. दर रविवारी मी तुझ्यासमोर बसत होते आणि मान तू फिरवायचास, त्यामुळे मी काही टाळतेय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मला वाटतं, तुला माहीत आहे. बॉयलरचा काटा तू लांबून वाचायचास. पण माहीत असणं वेगळं आणि कुणी सांगणं वेगळं, म्हणून सांगितलं.

बाईंनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग त्यांनीच एक गोष्ट सांगितली. सांगायची नव्हती, असं मला वाटतं. नियम समजावताना बोलून गेल्या.

‘मी हॉस्पिटलात त्यांना विचारलं होतं. घरात, नात्यात ठेवून घेणारं कुणी आहे का? असलं तर आम्ही आधी तिकडे बघतो, कुत्रा परत घेण्याआधीच. तो नियम वेगळा. त्यांनी मान हलवली. नाही, अशी.’

कवळीवाले माझ्याकडे बघायला लागले. मी बिस्किटांची बशी पुढे केली. ती रिकामी होती.

यावर मी इतके दिवस विचार केला, आणि जे आहे ते मांडते. एक शक्यता अशी की तुझ्या लेखी नात्यात कुणी नाही. मी वर्षातून दोनदा येणारी, तू पत्ता बदललास तेव्हाही मला पोस्टाकडून कळलं. तसं असेल तर तसं. दुसरी शक्यता अशी की तुला म्हणायचं होतं, ‘बहीण आहे, पण तिला विचारू नका, ती हो म्हणेल.’ आणि तेवढं म्हणायला तुझ्याकडे शब्द नव्हते. मान हलवण्यात हो बसतं आणि नाही बसतं, एवढं लांब वाक्य बसत नाही. मला दुसरी शक्यता आवडते, म्हणून तिच्यावर कमी विश्वास ठेवते. खुलासा तुझ्याकडूनच होऊ शकतो. घाई नाही.

बाईंना मी एवढंच सांगितलं, ‘त्याने नाही म्हटलं असेल. मी त्या वेळी हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकावर होते. मला कुणी विचारलं नाही.’

कवळीवाले तेव्हा पहिल्यांदा बोलले. ‘मी माझं मत देऊ का? तो आता ओरडतो. रोज, दुपारी. पायजमा घेऊन दारात बसतो आणि ओरडतो. बायको म्हणते, याला गप्प होता तेव्हाच ठेवून घ्यायला हवं होतं.’

‘हे मत झालं?’ बाई म्हणाल्या.

‘नाही. मत असं, की अंगणवाल्यांकडे गेला तर पुन्हा गप्प होईल. माझं त्याच्यावर मन आहे म्हणून नाही सांगत. मन असतं तर मीच ठेवला असता, ताईंच्या हाती कशाला देतोय?’

‘तुमचं मन आहे,’ बाई म्हणाल्या.

‘आहे. पण वकिलाचे दातही आहेत.’

मग बाईंनी अट घातली. कुत्रा माझा. तुझा नाही, आपल्या दोघांचाही नाही. त्याचं खाणं, औषध, डॉक्टर, कुठे झोपायचं, हे मी ठरवायचं. तू कुठे राहतोस यावर त्याचं काही ठरणार नाही. तू त्याला भेटू शकतोस, पण तो स्थिरावल्यावर, आणि मी बरोबर असताना. मला जमलं नाही तर तो तुझ्याकडे जाणार नाही, संस्थेकडे परत जाईल. मी हो म्हटलं. त्यांनी कार्यकारिणीला विचारून कळवते म्हटलं, आणि आज कळवलं.

आता तुला जे विचारायचं आहे ते. ते मी विचारणार नाही, डॉक्टर विचारतील. पण तुला अचानक नको म्हणून आधी लिहिते.

तुझ्यासमोर दोन जागा आहेत. एक, तू आत्ता आहेस त्याच पुनर्वसन केंद्राची मागची इमारत, जिथे लोक कायमचे राहतात. मी ती पाहून आले. खोल्या उजेडाच्या आहेत, सूप आळणी आहे, तिथले एक निवृत्त इंजिनचालक दिवसभर पत्ते पिसत बसतात आणि जोडीदार शोधताहेत. वाईट जागा नाही. दुसरी, माझ्या घरातली मागची खोली. यांची पुस्तकं होती तिथे. पुस्तकं मी खोक्यांत भरली. सुतार येऊन दाराचं माप घेऊन गेला, चाकांची खुर्ची आत यायला चौकट थोडी कापावी लागेल. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडे लागतील, त्यांचंही माप घेतलं. माप घेतलंय, काम सांगितलेलं नाही. दारातल्या दोन पायऱ्यांवर फळी टाकली आहे, ती मात्र लोंब्यासाठी.

आणि हे नीट वाच, कारण हे लिहायलाच मी बसले आहे. लोंब्या माझ्याकडेच राहणार. तू मागच्या इमारतीत गेलास तरी तो माझ्याकडे राहील, आणि जमेल तसा त्याला मी तुझ्याकडे बसने घेऊन येईन. लोक बघतील, बघू देत. तेव्हा त्याच्यासाठी माझ्याकडे यायचं, असं करू नकोस. मी एकटी आहे म्हणूनही नको. मी एकटी बरी राहते, तुला माहीत आहे. त्या इमारतीत तू कुणावर ओझं नाहीस असं तुला वाटत असेल, तर ते मला समजतं. तिथली माणसं पगार घेतात, त्यांच्यासमोर पडण्यात लाज वाटत नाही. माझ्यासमोर वाटेल. मला तुला उचलता येणार नाही, त्यासाठी एक माणूस सकाळ-संध्याकाळ येईल, त्याच्याशी बोलले आहे. मला राग येतो, तोही येईल. तू बघू म्हणशील आणि मी भांडं आपटेन. हे सगळं धरून, तुला यायचं असेल तर ये.

मला काय हवंय ते डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, ‘त्याला विचारा.’ ते म्हणाले, ‘तुम्हाला विचारतोय.’ तेव्हा मी जे सांगितलं ते त्यांच्याकडे आहे. तुला हवं असेल तर ते सांगतील. मी आधी सांगून तुझं उत्तर वळवणार नाही.

या रविवारी मी येणार नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. नव्या घरात पहिले काही दिवस कुत्र्याला एकटं सोडायचं नाही, हा बाईंचा नियम आहे आणि या वेळी मी तो पाळणार आहे. धुवायचे कपडे नर्सने ठेवून घ्यायचं कबूल केलंय.

मंगळवारी सकाळी डॉक्टर तुझ्या खोलीत येतील. धडे देणारी मुलगी बरोबर असेल, तू सांगशील ते त्यांना नीट कळावं म्हणून. तिने तुझ्यासाठी चित्रं केली आहेत, आणि हो-नाहीत न बसणाऱ्या उत्तरासाठी ती लागेल तेवढा वेळ थांबणार आहे. मी नसेन. दुपारी जेवणाआधी डॉक्टर मला फोन करून तू काय सांगितलंस ते कळवतील. त्या वेळी मी पुढच्या खोलीत असेन, लोंब्या दारात असेल, आणि फोन वाजला की तो बहुतेक माझ्याआधी ओरडेल.

तुझी बहीण,
ठमी